करंट चालू होता, बाई टीव्ही बघत होत्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत अर्धा पान लेख आला होता. लकव्यानंतर गेलेली वाचा मेंदूला सौम्य करंट देऊन परत येते, असा त्याचा मथळा. त्याच्या बरोबर खाली तसल्याच एका केंद्राची चौकट जाहिरात, फोन नंबरसकट. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे मला चष्मा पुसूनही कळलं नाही. गावातल्या तिघांनी ते पान आणून दिलं, "तुमच्या बाईंसाठी बघा" म्हणून. आम्ही ते बघून आलोय. तुमच्या जाहिरातीतलं केंद्र नव्हे, दुसरं. वीस बैठका, बैठकीला १,५०० रुपये, शिवाय दर खेपेला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. त्यावर चार शब्द लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं.

मी वीज मंडळात हेल्पर म्हणून लागलो, पुढे मंडळाची कंपनी झाली आणि ३४ वर्षांनी मी वायरमन म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे करंट म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. बोलणं म्हणजे काय हे मात्र दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अर्धा गाव त्यांच्या हाताखालून गेलाय, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणतात. या पत्रात मीही बाईच म्हणतो.

ज्येष्ठातली सकाळ होती. चहा गाळताना गाळणं हातातून पडलं. उचलायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबकळत. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "नको." गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली, दुपारी बघू म्हणाले. झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, हे आम्हाला मोठ्या इस्पितळात पोचल्यावर कळलं. तोवर सात तास झाले होते. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, आज नाही.

तर, 'नको' हा एकच शब्द बाईंकडे उरला. चहा हवा असला तरी नको, नको असला तरी नको. 'हो'च्या जागीही नकोच. नको म्हणता म्हणता डावा हात कपाकडे यायचा, त्यावरून आम्ही अर्थ लावायला शिकलो. पण ते नंतर. इस्पितळात पहिले दोन दिवस जेवणाचं ताट आलं तसं परत गेलं. मावशी विचारायच्या, "बाई, जेवताय ना?" बाई म्हणायच्या, "नको." मावशी ताट उचलायच्या. त्यांची काय चूक? मी औषधांसाठी, रिपोर्टसाठी खालीवर करत होतो. तिसऱ्या दिवशी मी नेमका खाटेशी होतो. ताट निघालं तसे बाईंचे डोळे त्याच्यामागोमाग दारापर्यंत गेले.

माझ्या बहिणीची मुलगी मुंबईत वाचाउपचाराचा कोर्स करते. ती सांगते की वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराची गोष्ट अशाच एका माणसापासून सुरू होते. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात एक रुग्ण वर्षानुवर्षं राहत होता. काहीही विचारा, तो 'टॅन टॅन' म्हणायचा. इस्पितळात त्याचं नावच टॅन पडलं. १८६१ मध्ये तो वारला. पॉल ब्रोका नावाच्या सर्जनने त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला कपाळामागचा भाग गेलेला. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच अर्धा चालवतो. म्हणजे बाईंचा उजवा हात आणि बोलणं एकाच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) होतं. डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज उडाला, दोन्ही गेलं.

डिस्चार्ज कार्डावर अकरा गोळ्या होत्या, मीठ कमी खा होतं, हातापायाला फिजिओथेरपी होती. बोलण्याबद्दल एक ओळ नव्हती. विचारलं तर "येईल हळूहळू". 'वाचाघात' हा शब्द मला पाच महिन्यांनी भाचीने सांगितला. झटका आलेल्या साधारण तिघांतल्या एकाला जो त्रास होतो, त्याचं नाव कार्डावर लिहायला कुणाच्या पेनातली शाई संपली होती कोण जाणे.

नाव माहीत नसल्याने काय होतं ते सांगतो. भेटायला येणारे बाईंच्या कानाशी ओरडून बोलायचे, जणू बहिऱ्या झाल्यात. दुसरे काही माझ्याकडे बघून विचारायचे, "यांना कळतं का?" बाई समोर बसलेल्या. कळत होतं. डाव्या हाताने खाटेची कड वाजवून सांगायच्या की कळतं. आणि मग एक दिवस संध्याकाळी दिवा लावताना सून शुभंकरोती म्हणायला लागली आणि बाई तिच्याबरोबर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खणखणीत म्हणून मोकळ्या! घरात सगळे रडायला लागले. दिवा लावून झाला, सुनेने विचारलं, "आई, पाणी देऊ?" "नको." एक पाहुणे तर म्हणाले, हे नाटक आहे, श्लोक येतो तर बोलायला काय होतं?

नाटक नाही. पाठ असलेलं, चालीवर म्हटलेलं आणि रोज तोंडातून आपोआप येणारं बऱ्याचदा शाबूत राहतं. ठरवून, शब्द शोधून बोलायचं ते जातं. बाईंना बेचा पाढा येतो. पण "बे पंचे किती?" असं मध्येच विचारलं तर येत नाही. त्या खालून चढत येतात: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा... आणि 'दहा'वर आल्या की हात वर करून थांबतात. भाजीवालीला दहा रुपये सांगायचे असले तर आजही अशाच चढतात. गुरुवार म्हणायचा तर सोमवारपासून. भाजीवाली थांबते. तिचा मुलगा बाईंच्या वर्गात होता.

आता केंद्राकडे येतो. झटक्याला वर्ष होत आलं होतं. कुणीतरी मोबाइलवर जाहिरात पाठवली. गेलो. पहिल्या दिवशी एक डॉक्टर पाच मिनिटं भेटले, नंतर वीस दिवसांत दिसले नाहीत. करंट लावायला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता, स्वभावाने चांगला. काय शिकलास म्हणून विचारलं तर "ट्रेनिंग झालंय काका" म्हणाला. आमच्या खात्यात अशाला झिरो वायरमन म्हणतात. पोलवर तोच चढतो, पण रजिस्टरला त्याचं नाव नसतं. बाईंना इस्पितळात एकदा फिट आली होती. ते कुणी विचारलं नाही. डोक्यात कुठे क्लिप, धातू, छातीत पेसमेकर आहे का, तेही नाही. मेंदूला वीज किंवा चुंबक लावण्याआधी हे सगळं विचारायचं असतं, हे मला नंतर कळलं.

यंत्र मी पहिल्याच दिवशी न्याहाळलं. यंत्र वाईट नव्हतं. बॅटरीवर चालणारी डबी, दोन वायरी, दोन रबरी पट्ट्या आणि त्यावर दोन स्पंज. एक स्पंज डाव्या कपाळाच्या कडेला, दुसरा उजव्या भुवईच्या वर. दोन मिलिअँपिअर, वीस मिनिटं. आकडा ऐकून लोक घाबरतात, मी घाबरलो नाही. आपल्या घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो, त्याच्या पंधराव्या हिश्शाचा हा करंट. जगभर प्रयोगांत बहुधा एक ते दोन मिलिअँपिअरच वापरतात. नीट लावलं तर थोडी खाज, थोड्या मुंग्या, कातडी लालसर होणं, यापलीकडे सहसा काही होत नाही.

पण नीट लावलं तर. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा का घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी का ओततात, हे वायरमनला पाठ असतं. ओल आणि मीठ असेल तर करंट पसरून जातो, कोरडं पडलं की एखाद्याच ठिकाणी जाळतो. डोक्यावरच्या स्पंजालाही तोच कायदा. तो सलाइनमध्ये भिजवायचा असतो. मुलगा बेसिनच्या नळाखाली धरायचा. मी पहिल्या दिवशी बोललो, त्याने हो म्हणून दोन दिवस सलाइनची बाटली आणली, मग पुन्हा नळ.

सातवी बैठक. मे महिना, पंखा डोक्यावर गरगरतोय, स्पंज नीट भिजलेला नाही. यंत्र चालू झालं आणि दोन मिनिटांत बाई म्हणाल्या, "नको." मग मोठ्याने, "नको नको." मुलाने माझ्याकडे बघितलं. आणि मी, ३४ वर्षं लाइनवर काम केलेला माणूस, त्याला म्हणालो, "त्या सगळ्यालाच नको म्हणतात. चालू ठेव."

रात्री त्यांची वेणी घालताना (हे काम आता माझ्याकडे आहे, जमतं बऱ्यापैकी) डाव्या कपाळाच्या कडेला केसांत रुपयाएवढा लाल चट्टा दिसला, मधोमध फोड. तसली यंत्रं करंट ठरल्याइतकाच ठेवतात. स्पंज सुकून रेझिस्टन्स वाढला की यंत्र व्होल्टेज चढवत नेतं. चांगल्या यंत्रात एका मर्यादेला ट्रिप व्हायची सोय असते. याच्यात ती होती की नव्हती, विचारण्याचं तोंड मला नव्हतं. लाइनवर माणूस असताना कुणीही 'थांब' म्हणालं तर आधी थांबायचं, मग का ते विचारायचं. हा आमच्या कामातला पहिला धडा. त्या दिवशी 'नको'चा अर्थ नको असाच होता.

तरी आम्ही वीस बैठका पुऱ्या केल्या. पैसे आगाऊ भरले होते. पुढच्या प्रत्येक वेळी सलाइनची बाटली घरून नेली आणि स्पंज मी स्वतः भिजवला.

भाची दिवाळीला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने चट्ट्याबद्दल विचारलं, यंत्राबद्दल विचारलं आणि मग विचारलं, "मामा, करंट चालू असताना मामी काय करत होती?"

मी म्हणालो, "टीव्ही बघत होती."

ती काही बोलली नाही. मग मोबाइल काढला आणि मला एकेक अभ्यास समजावून सांगायला लागली. मी सबस्टेशनच्या लॉगशीटसारखं वहीत उतरवून घेतलं. तेच इथे देतो, कारण आपल्या लेखात यातलं काहीच नव्हतं.

हा करंट मेंदूच्या पेशीला पेटवत नाही. पेटायला थोडी सोपी करतो, इतकंच. मी तिला म्हणालो, म्हणजे जुन्या स्कूटरचा चोक. ती म्हणाली, हो मामा, तसंच. आता चोक ओढून ठेवला म्हणून स्कूटर निघत नाही, किक मारावी लागते. इथली किक म्हणजे बोलण्याचा सराव. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७४ रुग्ण, सगळ्यांच्या झटक्याला सहा महिन्यांहून जास्त झालेले. तीन आठवड्यांत पंधरा बैठका, करंट एक मिलिअँपिअर, वीस मिनिटं. कोणाच्या डोक्यावर स्पंज कुठे बसवायचा हे प्रत्येकाचा स्कॅन बघून ठरवलेलं. आणि करंट चालू असताना समोर कॉम्प्युटरवर चित्रं आणि शब्द जुळवायचा सराव चालू. साधारण निम्म्या जणांना खरा करंट, बाकीच्यांना खोटा, म्हणजे पट्टे तसेच पण यंत्र थोड्याच वेळात आतून बंद. कोणाला कोणता, रुग्णाला ठाऊक नाही. खऱ्या करंटवाल्यांना चित्रांची सरासरी १४ नावं जास्त सांगता यायला लागली, खोट्यावाल्यांना ८.

या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो. १४ आणि ८ यांतला फरक करंटचा. पण ते ८ कुठून आले? नुसत्या सरावातून. आणि सराव नाही, फक्त करंट, असा गट त्या अभ्यासात नव्हताच. आम्ही मात्र ३०,००० रुपये मोजून नेमके त्या नसलेल्या गटात बसलो होतो.

हे १४ शब्दही फार उड्या मारण्यासारखे नाहीत. २०१९ पर्यंतचे असे २१ अभ्यास, एकूण ४२१ रुग्ण, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले. वस्तूंची नावं सांगणं काहीसं सुधारतं असं दिसलं. पण घरात-बाजारात रोजचं बोलणं सुधारतं का, याला पुरावा मिळाला नाही. उलट जर्मनीत २०१७ मध्ये १५६ रुग्णांवर करंटबिरंट काही न लावता नुसती वाचाउपचाराची शिकवणी घेतली, आठवड्याला दहा तास किंवा जास्त, तीन आठवडे. झटक्याला सहा महिने उलटून गेलेली माणसं, आणि तरी त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. एवढा निकाल करंटच्या बाजूने लागला असता तर आपल्या पुरवणीने अख्खं पान दिलं असतं.

दुसरा प्रकार चुंबकाचा. तो मला जास्त आवडला, कारण तो चक्क ट्रान्सफॉर्मर आहे. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये पहिल्यांदा केलं. डोक्याला टेकवून तांब्याचं वेटोळं धरायचं, त्यातून क्षणभर मोठा करंट सोडायचा, टक्. वेटोळं झालं प्रायमरी, म्हणजे करंट सोडायची बाजू, आणि मेंदू सेकंडरी, म्हणजे करंट उमटायची बाजू. मध्ये कवटी असली तरी चुंबकाला तिचं काही नाही. सेकंदाला एक ठोका दिला तर खालचा भाग शांत होतो आणि भराभर दिले तर चेततो, असा सर्वसाधारण नियम. बोस्टनमध्ये २००५ साली चार रुग्णांच्या उजव्या बाजूला असे सेकंदाला एक ठोके दहा दिवस दिले. बिघाड डाव्या बाजूला आणि गप्प करायचं उजवीला, हे मला आधी उलटं वाटलं. कारण असं की डावी बाजू गेल्यावर उजवी नको तितका लोड ओढते आणि डाव्यात जे उरलंय त्यालाही दाबते, असं काहींचं मत. त्या चौघांना चित्रांची नावं जास्त यायला लागली, आणि ती दोन महिन्यांनीही टिकून होती. त्यात बोलण्याचा सराव जोडलेला नव्हता हेही सांगायला हवं, नाहीतर मी माझ्या सोयीचंच लिहितोय असं होईल. पण माणसं चार.

आणि दुसरे तज्ज्ञ म्हणतात की डावीकडचं नुकसान मोठं असेल तर उजवी बाजूच तारून नेते, तिला दाबलं तर उरलंसुरलं जाईल. यावर मी भाचीला सांगितलं, एक डीपी जळाला की आम्ही शेजारच्यावर गाव जोडतो. कधी त्याने गाव उजळतं, कधी दोन्ही डीपी जातात. आधी लोड मोजावा लागतो. म्हणजे बाईंचा स्कॅन न बघता, सगळ्यांना एकाच जागी पट्टा बांधणारं केंद्र काय करत होतं, ते सांगायला मेंदूचा डॉक्टर लागत नाही. चुंबकाच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता दिली हे खरं, जाहिरातींत ते ठळक छापतात. ती मान्यता नैराश्यासाठी होती, वाचेसाठी नव्हे.

मध्यंतरी गावातला एक पोरगा मला म्हणाला, काका, नेटवर बघून ही डबी आपण घरी बनवू, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोनशे रुपयांचं सामान. खोटं कशाला सांगू, माझे हात शिवशिवले. सर्किट काही अवघड नाही. मग बाईंच्या केसांतला तो डाग आठवला. कुणी करू नये.

त्या दिवाळीपासून आम्ही किक मारायला सुरुवात केली. मोबाइलवरच्या चित्रांत झेब्रा, स्नोमॅन असलं काहीबाही होतं. बाईंनी उभ्या आयुष्यात झेब्र्याला हाक मारली नाही. भाचीने सांगितलं, ज्या शब्दांची दिवसभर गरज पडते तेच घ्या. मग आमच्याच स्वयंपाकघरातले फोटो काढून पोस्टकार्डाएवढे छापून आणले. सांडशी, उलथणं, पोळपाट, झारा, गाळणं, गोळ्यांची डबी, माझा चष्मा, नातवाचं दप्तर. चाळीस कार्डं. रोज सकाळी तास, संध्याकाळी तास, आणि भाची आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर. शब्द अडला की पूर्ण सांगायचा नाही, पहिलं अक्षर द्यायचं. मी "सां..." म्हणतो, बाई ओठ हलवतात, कपाळावर आठी येते, दोनदा 'नको' निसटतं, आणि मग एकदम "सांडशी!" त्या वेळचा त्यांचा चेहरा वर्गात पोराचं गणित सुटल्यावर व्हायचा तसा होतो, फक्त आता पोर त्याच.

करंटच्या आधी ४० पैकी ६ कार्डं येत होती, वीस बैठकांनंतर ७. सरावाच्या चार महिन्यांनंतर २३. गाळणं अजून येत नाही. का कोण जाणे. वाक्यं तुटक आहेत. "मांजर... दूध... गेलं." विभक्ती गळून पडते. परवा "ती पुस्तक" म्हणाल्या आणि लगेच डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर चापट मारली. तीस वर्षं पोरांचं 'तो पुस्तक' खोडून 'ते पुस्तक' केलं, त्यामुळे चुकलेलं त्यांना आमच्याआधी कळतं. मी करंटवर फुली मारत नाही. उद्या कुणी स्कॅन बघून, सलाइन वापरून, समोर ही चाळीस कार्डं घेऊन बसणार असेल आणि प्रयोग आहे हे तोंडावर सांगून करणार असेल, तर बाईंना विचारून मी घेऊन जाईन.

पण कार्डं घेऊन बसणार कोण? आमच्या भागात वाचाउपचारतज्ज्ञ शोधत मी तीन महिने फिरलो. एका सरकारी इस्पितळात पद होतं, माणूसही होता, पण लहान मुलांच्या केंद्रात. बिचारा म्हणाला, काका, माझ्याकडे अठरा वर्षांपर्यंतचीच मुलं येतात. तरी अर्धा तास बसवून चार गोष्टी सांगितल्या, त्याचे उपकार आहेत. दिव्यांगांच्या शिबिरात गेलो तर बाईंचा हात मोजला, पाय मोजला, बोलणं कुणी मोजलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात वाक् आणि भाषा दिव्यांगतेखाली वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. मी छापून नेला होता. टेबलावरच्या साहेबांनी वाचला आणि "पुढच्या शिबिराला या" म्हणाले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो, तिथे कारकुनाने विचारलं, "नाव सांगा." बाई म्हणाल्या, "नको." तो माझ्याकडे बघून हसला. बाई हसल्या नाहीत.

तेव्हा आपल्याला विनंती आहे. असा लेख छापताना त्याच्याखाली तीच जाहिरात लावू नका. यंत्राचा फोटो छापता तसा एकदा कार्डांचाही छापा. आणि वाचकांना एवढं जरूर सांगा की पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. करंट चालू असताना आमच्या माणसाला बोलतं कोण करणार? आणि त्या बोलतं करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? दुसऱ्या प्रश्नाला आमच्या केंद्रात पंख्याचा आवाज तेवढा आला असता. तालुक्याच्या इस्पितळात आठवड्यातून एक दिवस जरी वाचाउपचारतज्ज्ञ बसवला आणि डिस्चार्ज कार्डावर 'वाचाघात' लिहायला सुरुवात केली, तरी माझ्यासारख्याचे पाच महिने वाचतील. हे आरोग्य खात्यात वाचणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी.

पत्र लिहून झाल्यावर बाईंना वाचून दाखवलं. सातव्या बैठकीचा भाग मी गाळून वाचत होतो, त्यांनी कागदावर बोट ठेवून परत मागे नेलं. तोही वाचला. शेवटी विचारलं, खाली नाव छापायचं का? म्हणाल्या, "नको." आता मी शिकलोय. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'छापा' आणि 'छापू नका' असं दोन बाजूंना लिहिलं आणि पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वेळ घेतला. मग 'छापू नका'वर डाव्या हाताचं बोट ठेवलं, आणि मी पाटी उलटी धरून पुन्हा विचारलं तरी त्याच शब्दांवर ठेवलं.

तरी नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त वायरमन
ता. वाळवा, जि. सांगली